ती लेअर मीच बंद केली होती

मी नगररचना विभागात आहे, पद अनुरेखक म्हणजे ट्रेसर. आता हातानं ट्रेसिंग कोण करतंय, सगळं कॉम्प्युटरवर ऑटोकॅडमधे चालतं, पण पदाचं नाव तेच राहिलंय. पुण्यापासून दीडेक तासावरची नगरपरिषद, नाव सांगत नाही, माझी नोकरी बाकी आहे अजून.

आमचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे गावातली कुठली जमीन कशाला वापरायची ते दाखवणाऱ्या नकाशाचा मसुदा, प्रसिद्ध झाला तेव्हाची गोष्ट. गावाच्या उत्तरेला टेकडी आहे, वर म्हसोबा, खाली ओढा. जुन्या आराखड्यात ती अख्खी हिरवी होती, म्हणजे वस्तीसाठी नाही, नव्यात खालचा अर्धा उतार पिवळा झाला, पिवळा म्हणजे रहिवास. हिरव्याचा पिवळा झाला की गुंठ्याचा रेट कुठल्या कुठे जातो हे आमच्या शिपायालासुद्धा पाठ आहे. आणि घरांच्या स्कीमचे बोर्ड तर आराखडा बाहेर यायच्या आधीच रस्त्याला लागले होते, ते कसे ते मला विचारू नका.

कागदावर सगळं बरोबर होतं. नगररचना कायद्याच्या कलम 26 ची नोटीस, राजपत्र, पेपरात जाहिरात, हरकतींना 30 दिवस, वेबसाइटवर पीडीएफ, आणि जिन्याजवळ हा एवढा मोठा फ्लेक्स. पण फ्लेक्स होता 1:10000 ला, त्यात गट नंबर मुंगीएवढे, आणि पीडीएफ झूम केली की नुसता पिवळा-हिरवा चिखल. लोक यायचे, बोटानं आपलं शेत शोधायचे, सापडलं नाही की मोबाईलवर फोटो काढून निघून जायचे.

तर सोमवार होता. सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना रेकॉर्ड बघायला द्यायचं, 2018 चं शासनाचं परिपत्रकच आहे तसं. आमच्याकडे त्या दोन तासांत सहसा कोणी येत नाही, मी चहा पिऊन घेतो. त्या दिवशी एक काका आले, सत्तरीचे असतील, बगलेत छत्रीचं कव्हर, छत्री नाहीच आत. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झालेले. म्हणाले, विद्यमान जमीन वापराचा नकाशा बघायचाय, 1:4000 चा, सही-शिक्क्याची मूळ शीट.

हा नकाशा म्हणजे आराखड्याच्या आधी सर्व्हे करून बनवतात तो, आज जमिनीवर प्रत्यक्ष काय आहे ते दाखवणारा. सहसा कोणी मागत नाही, सगळ्यांना पुढचा रंग बघायचा असतो. काकांनी आधी माहिती अधिकारात त्याची प्रत मागितली होती, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून रीतसर. आमच्याकडून तोंडी उत्तर गेलं की ए-झीरोची, म्हणजे एवढ्या मोठ्या शीटची, झेरॉक्स इथे होत नाही, पुण्याहून करून आणावी लागेल, खर्च कळवू. आता बघा, माहिती द्यायला कायद्यानं 30 दिवस आणि हरकत घ्यायलाही 30 दिवस, म्हणजे आम्ही काहीही वाकडं न करता फक्त मुदत पूर्ण वापरली तरी कागद हातात पडेपर्यंत हरकतीची खिडकी बंद. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत असतं, बोलत कोणी नाही.

मी शीट काढून टेबलावर पसरली. काकांनी छत्रीच्या कव्हरमधून ट्रेसिंग पेपरची गुंडाळी काढली.

"नोट्स घ्यायचा अधिकार आहे ना मला?"

"आहे काका."

"मग ह्या माझ्या नोट्स."

आणि शीटवर ट्रेसिंग पेपर टाकून माणूस पेन्सिलीनं कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, गिरवायला लागला. हात थरथरत होता पण रेष सुटत नव्हती. कालव्याच्या माणसाला कंटूर सोडून चालतच नाही म्हणा. मी पाच मिनिटं बघत बसलो, मग राहवलं नाही, उठून चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली आणि म्हटलं, काका, आधी चार खुणा घ्या, नाहीतर नंतर दुसऱ्या शीटवर बसवताना सरकेल. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, हसले, खुणा घेतल्या.

मग खिशातून सहा इंची पट्टी काढली. हिशोब सोपा आहे. दोन कंटूरमधे उंचीचा फरक 5 मीटर. यूडीसीपीआर म्हणजे 2020 ची बांधकाम नियमावली सांगते की 1:5 पेक्षा जास्त उतारावर बांधकाम नाही, म्हणजे 5 मीटर चढायला आडवं निदान 25 मीटर अंतर पाहिजे. 1:4000 ला ते 25 मीटर म्हणजे सव्वासहा मिलिमीटर. काकांनी पट्टी लावली. चार. पुढे परत चार. एका ठिकाणी तर साडेतीन.

"मग तुमच्या प्रस्तावित नकाशात ह्या रेषा का नाहीत हो?"

आता इथे मला खोटं बोलता आलं असतं. तीन महिन्यांपूर्वी प्रिंट काढताना साहेब मागे येऊन म्हणाले होते, अरे नकाशा गिचमिड दिसतोय, कंटूर काढ त्यातली. मी माउसनं कंटूरच्या लेअरचा, म्हणजे फाइलमधल्या त्या थराचा, दिवा बंद केला, एक क्लिक. साहेबांच्या मनात काही होतं का खरंच गिचमिड दिसत होता हे मला आजपण सांगता येत नाही, कारण गिचमिड तर दिसतच होता.

म्हटलं, "काका, त्या रेषा आहेत. लेअर बंद आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे फाइलमधे आहेत, प्रिंटमधे नाहीत."

त्यांनी ते जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं, पुढे तारीख टाकली. माझ्या पोटात गोळा.

सुनावणी नंतर नगरपरिषदेच्या सभागृहात झाली. नियोजन समिती म्हणजे स्थायी समितीचे तीन सदस्य आणि संचालकांनी नेमलेले तज्ज्ञ. शेकड्यानं हरकती, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, हॉलबाहेर टोकन घेऊन लोक बसलेले, एसटी स्टँडसारखं. काकांचा नंबर लागला तेव्हा ते काही बोललेच नाहीत, समितीपुढे प्रस्तावित नकाशाची 1:4000 ची शीट होती तिच्यावर आपला ट्रेसिंग पेपर ठेवला, चार खुणा जुळवल्या आणि पट्टी तज्ज्ञांच्या हातात दिली.

तज्ज्ञांनी मोजलं. मग विचारलं, ड्रॉइंग कोणी केलंय? मी उठलो. म्हणाले, फाइल उघडा, प्रोजेक्टरवर लावा, कंटूर ऑन करा.

मी साहेबांकडे बघितलं, साहेब पाणी पीत होते. क्लिक केलं. पिवळ्यावर तपकिरी रेषा उमटल्या, ओढ्याच्या बाजूला तर इतक्या दाट की रंगच दिसेना. मागून कोणीतरी "आयला" म्हणालं. स्कीमवाल्यांचे आर्किटेक्ट लगेच उठले, कटिंग-फिलिंग करू, टप्पे पाडू वगैरे.

पण खरी अडचण त्यानंतरच्या टोकनला आली. एक बाई होत्या, त्याच उतारावर त्यांचे 27 गुंठे, विकले नव्हते. त्या काकांवरच तुटून पडल्या. "तुमचा बंगला सपाटीला बांधून झालाय, आता आमच्या रानाला हिरवा रंग फासा. पोराचं लग्न कशावर करू?" मग म्हणाल्या, पुण्यातल्या टेकडीवाल्यांना निदान 8 टक्के टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरायचा बांधकामाचा हक्क, तरी म्हणतात, आम्हाला काय? खरंच आहे ते. पुण्यात 23 गावं 1997 ला महापालिकेत आली, तिथल्या टेकड्यांवरच्या 978 हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण मंजूर व्हायला 2015 उजाडलं, तोवर जमीनवाले लटकलेलेच. काका खाली बघत होते. समितीतही कोणाकडे उत्तर नव्हतं, पुढचा नंबर पुकारला.

आराखडा शासनाकडून मंजूर होऊन आला तेव्हा पिवळ्यातला वरचा उतार परत हिरवा, खालची रस्त्यालगतची पट्टी पिवळी. बाईंचे 27 गुंठे हिरव्यात गेले. स्कीमची बरीचशी जमीन पिवळ्यात राहिली. ती रेघ नेमकी तिथेच का थांबली याची कारणं मागायला काका पुढच्याच सोमवारी हजर, तेच छत्रीचं कव्हर घेऊन. त्याची टिपणी अजून आमच्याकडे आलेली नाही, मी वर दोनदा पत्र टाकलंय.

त्यांचा ट्रेसिंग पेपर मात्र फाइलला लागला, हरकतीचं सहपत्र म्हणून. रेकॉर्डकीपरनं आठ घड्या घातल्या, दाभणानं भोक पाडलं, नाडी ओवली. भोक बरोबर म्हसोबावर पडलं. मी म्हटलं जरा बघून पाडायचं, तर म्हणे कुठे काय आहे ते दिसतंय कुठं मला.