दुसरा चौकोन

15 ऑगस्ट 2020, शनिवार. इमारतीत एक जण पॉझिटिव्ह निघाल्यामुळे मी घरात कोंडलेलो, आणि भोसरीच्या कारखान्यातला सर्व्हर अजून उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जुन्या 18.04 वरच. नवी 20.04.1 येऊन नऊ दिवस झाले होते. सुट्टीचा दिवस, कोणी लॉगिन करणार नाही. म्हटलं, उरकून टाकू.

अपग्रेड चालू असताना जांभळ्या पडद्यावर प्रश्न आला: ग्रब, म्हणजे मशीन चालू होताना सिस्टीम उचलणारा प्रोग्राम, कोणकोणत्या डिस्कवर टाकायचा? आदल्या वर्षी दोनपैकी पहिली डिस्क मेली होती, ती मीच बदलली होती. जुन्या डिस्कचा आयडी सापडेना म्हणून ही विचारणा. पहिल्या डिस्कपुढच्या चौकोनावर स्पेस दाबून चांदणी आणली आणि दुसऱ्याकडे न बघता एंटर मारला. रेड-1 आहे, म्हणजे दोन्ही डिस्कवर एकच माहिती, इकडचं तिकडे आपोआप जाणारच, हा माझा हिशेब.

रीबूट दिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पिंगला, म्हणजे 'चालू आहेस का' या हाकेला, उत्तर नाही. गेटवरच्या वॉचमन काकांना फोन केला. सर्व्हर रूमची किल्ली त्यांच्याकडे असते. व्हिडिओ कॉलवर मॉनिटरपेक्षा त्यात पडलेली ट्यूबलाइटच जास्त दिसत होती.

"काका, एकेक अक्षर वाचा."

"जी, आर, यू, बी. मग खाली आडवी रेघ. सी, ए, एल, एल, ओ, सी. पुढं नॉट फाउंड लिहिलंय. त्याखाली रेस्क्यू."

ग्रब_कॅलॉक! पोटात गोळाच आला. 29 जुलैला बूटहोल नावाची ग्रबमधली त्रुटी जाहीर झाली होती. तिच्या दुरुस्तीत मेमरी मागताना आकडा मर्यादेबाहेर जातोय (ओव्हरफ्लो) का ते तपासणारं हे फंक्शन आलं, आणि तेव्हापासून जगभर कित्येक मशीन नेमक्या याच ओळीवर अडकत होती. मी त्याबद्दल वाचलंही होतं. वाचून काय उपयोग झाला, ते दिसतच होतं.

काकांकडून 'इन्समॉड नॉर्मल', म्हणजे ग्रबचा नेहमीचा भाग उचलायची आज्ञा, टाइप करून घेतलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बरोबर, आणि एरर तीच. म्हणजे फाइल सापडतेय, डिस्क वाचली जातेय. फक्त सुरुवातीचा ग्रब जुना आणि त्याने उचललेली मॉड्यूल्स (ग्रबचे जोडभाग) नवी, त्यांचं एकमेकांशी जमत नाही.

मग माझी पुढची अर्धी रात्र मूर्खपणात गेली. काका, मशीन त्यावरून चालू करायला ऑफिसात कुठे पेनड्राइव्ह आहे का बघा. अकाउंट्सच्या ड्रॉवरमध्ये एक निघाला, त्यात कोणाच्या तरी लग्नाचे फोटो. तो पुसायचा तर परवानगी कोणाची घ्यायची, यावर आमची चर्चाही झाली.

साडेअकराला डोक्यात प्रकाश पडला. आमचं रेड पार्टिशनपुरतं, म्हणजे डिस्कवर आखलेल्या भागांपुरतंच होतं. डिस्कचा पहिला सेक्टर आणि त्यामागच्या मोकळ्या जागेतला ग्रबचा गाभा त्याच्या बाहेर. तिथलं इकडून तिकडे कोणी नेत नाही. डिस्क बदलताना बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, चालू व्हायच्या क्रमात दुसरी डिस्क वर आणून ठेवली होती, तीही मीच. म्हणजे नवा ग्रब पहिल्या डिस्कवर बसलेला, आणि मशीन उठतंय दुसरीवरून.

"काका, मशीन बंद करून चालू करा, आणि चालू होताना एफ-11 दाबत राहा."

कोणत्या डिस्कवरून चालू व्हायचं, त्याची यादी आली. बाण वर करून पहिली डिस्क, एंटर. काका काहीच बोलेनात. मीही गप्प.

"साहेब, लॉगिन म्हणतोय. माझं नाव टाकू का?"

एसएसएचने घरूनच सर्व्हरच्या आत शिरलो, ग्रब-पीसी हे ग्रबचं पॅकेज रीकॉन्फिगर केलं, तोच प्रश्न परत आला, दोन्ही चौकोनांवर स्पेस दाबला आणि चांदण्या दोनदा मोजल्या. परत रीबूट देऊन बघायला हवं होतं. पण रात्रीचा एक वाजला होता, काका सकाळी सातपासून उभे होते आणि माझी छातीही झाली नाही. ते सोमवारवर ढकललं. पेनड्राइव्ह काकांनी जागच्या जागी ठेवला होता, फोटोंसकट.