बार सोडून पॉइंटवर उभं राहताना

बॅलेच्या क्लासमध्ये बारजवळ, म्हणजे आधाराच्या दांड्याजवळ, मी पॉइंटवर, म्हणजे बोटांच्या टोकांवर, व्यवस्थित चढत होते. सेंटरला, म्हणजे आधार सोडून खोलीच्या मध्यभागी, आलं की मात्र चढल्या चढल्या टाचा खाली. टीचरनी पायांऐवजी बार धरलेल्या माझ्या मनगटाकडे बोट दाखवलं. "शिरा बघ कशा ताठल्यात. शरीर पुढे न्यायचं काम हात करतोय."

तिथून सगळा सराव बदलला. पाऊल जमिनीवर सपाट असतं तेव्हा वजन टाच आणि चवडा यांत वाटलेलं असतं. पॉइंटवर ते बुटाच्या टोकाच्या इवल्याशा सपाट भागावर यावं लागतं. म्हणजे एकतर शरीर बोटांच्या वर पुढे सरकलं पाहिजे, नाहीतर उसळून चढताना बोटं शरीराखाली ओढून घेतली पाहिजेत. बार घट्ट धरला की यातलं काहीच नीट न करताही उभं राहता येतं.

पॉइंट शूज काही काळ बाजूला ठेवले आणि अनवाणी सुरुवात केली. सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी व्यायाम म्हणजे एका पायावर टाच उचलणं, गुडघा सरळ ठेवून. पॉइंटसाठी बरेच शिक्षक हे सलग २० ते २५ वेळा नीट जमावं अशी अपेक्षा ठेवतात. खरी मेहनत खाली येताना आहे. दोन मोजत वर, क्षणभर थांबा, चार मोजत खाली. टाच धपकन पडली की ती खेप धरायची नाही. दोन पायांवर करताना घोट्यांच्या खाली, टाचांच्या मध्ये टेनिसचा चेंडू धरायचे. घोटे बाहेर कलंडले की चेंडू निसटतो, आरशात बघायची गरजच नाही. हे कलंडणं हलक्यात घेऊ नका. वजन करंगळीकडे गेलं की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट दुखावतात. नडगीच्या बाहेरच्या कडेचे स्नायू पावलाला तसं जाऊ देत नाहीत, म्हणून रबरी पट्टा लावून पाऊल बाहेरच्या बाजूला ढकलायचा व्यायामही रोजचा झाला.

बोटांचंही तसंच. बोटं लांब ठेवून, न मुडपता, तळव्याची कमान उचलायची. पहिल्यांदा करताना तळव्यात पेटका येतो. बुटात बोटं आत वळली की टोकावरचा आधार जातो, त्यामुळे हे टाळून चालत नाही. १८३० च्या दशकात बॅले नर्तकी मारी तालियोनी पॉइंटवर नाचायची ती कडेने रफू केलेल्या मऊ सॅटिनच्या बुटांत, आजच्यासारखा बोटांभोवतीचा कडक बॉक्स नसताना! तिच्या पावलांत किती ताकद असेल, हे तळवा दुखायला लागल्यावर मला समजलं.

तोल वेगळा शिकावा लागला. एका पायावर, पासेमध्ये (दुसऱ्या पायाची बोटं उभ्या पायाच्या गुडघ्याशी), आधी सपाट पावलावर, मग डेमी-पॉइंटवर (चवड्यावर) आणि शेवटी डोळे मिटून. डोळे मिटले की घोटा किती बारीक बारीक सावरून घेतो ते जाणवतं. उभ्या पायाच्या बाजूचा नितंब ढिला पडला की वर कितीही ताठ राहा, तोल जातोच. ताकदीचे व्यायाम क्लासनंतर आणि तोलाचे आधी, पाय ताजे असताना, ही विभागणी मला फार मानवली. उशी किंवा घडी केलेल्या टॉवेलवरचा सराव अनवाणीच करा, पॉइंट शूज घालून कधीही नाही.

बूट परत चढवले तेव्हा बारवर आधी तळहात, मग दोन बोटं, मग नुसता हवेत हात. सेंटरला पहिल्यांदा एशापे (दोन्ही पाय एकदम उघडत पॉइंटवर चढणं) स्थिर झाले, कारण वजन दोन्ही पायांवर असतं. बूट मऊ पडलेत का हेही तेव्हापासून नियमित बघते. शँक (बुटाच्या तळातली कडक पट्टी) मेला की पाऊल टोकाच्या पुढे ढकललं जातं आणि आपण उगाच घोट्यांना दोष देत बसतो.

पिके, म्हणजे पाऊल टाकत थेट एका सरळ पायावर पॉइंटवर जाणं, सगळ्यात उशिरा आला. त्यात मागच्या पायाच्या प्लिएमधून (वाकवलेल्या गुडघ्यातून) ढकलून संपूर्ण शरीर सरळ पायावर एकदमच न्यावं लागतं. नुसता पाय पुढे टाकला आणि कंबर मागे राहिली, तर तो उभा राहत नाही. सध्या माझा उजव्या पायावरचा पिके पक्का आहे. डाव्यावर कंबर अजून मागे रेंगाळते, म्हणून प्रत्येक क्लासमध्ये सुरुवात डाव्या पायाने करते.