अडीच आटे

रात्रीचे साडेअकरा. दोनदा साबण लावूनही हाताला जुन्या ग्रीसचा वास येतोच आहे.

जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात तो नट मी परत खणात टाकला. झालं ते एवढंच. ५/१६ इंची एक पितळी नट, आणि त्याच्यापायी मी जागा.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला गरम धूर बाहेर नेणाऱ्या नळीला, नट पितळीच हवा. लोखंडी लावला की तापून-निवून गंजतो, स्टडला (नट चढतो तो बिनडोक्याचा, आटे असलेला दांडा) धरून बसतो, आणि पुढच्या वेळी पाना लावला की नटाऐवजी स्टडच तुटून हातात येतो. पितळ असं चिकटत नाही. सहा हवे होते. दुकानातल्या काकांनी मान वर न करता कोपऱ्यातल्या कपाटाकडे बोट केलं. चोवीस खण, चिठ्ठी एकावरही नाही. ज्या होत्या त्या कसरीने खाल्ल्या.

अशा खणात बोटांनी एकेक नट चाळत बसायचं नसतं. काठीच्या टोकाला लोहचुंबक बांधून ढवळायचं. लोखंड चुंबकाबरोबर वर येतं, खाली उरतं ते पितळ. पिवळा दिसतोय पण चुंबकाला लागला, तर तो नुसता मुलामा. दहा मिनिटांत ११ नट निघाले. नऊ काळपट, दोनांचे तोंडाकडचे आटे चकचकीत.

जुना स्टड सोबत नेला होता. तो नेलाच पाहिजे, फोटोवर काही कळत नाही. पहिले चार नट बोटांनी फिरत शेवटपर्यंत गेले. पाचवा अडीच आटे गेला आणि थांबला.

इथेच हात काढायला हवा होता. हे मला माहीत होतं, म्हणूनच जास्त लागतंय. बीएसएफ ही आट्यांची जुनी ब्रिटिश जात, यूएनएफ ही नंतरची युनिफाइड; माझा स्टड बीएसएफ. ५/१६ बीएसएफला इंचात २२ आटे, ५/१६ यूएनएफला २४. व्यास दोघांचाही ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे नुसत्या कॅलिपरने फरक सापडत नाही. एका आट्यामागे जेमतेम दहावा भाग मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून सुरुवातीला नट शहाण्यासारखा फिरतो, आणि फरक साचत साचत दोन-तीन आट्यांत तटतो. शिवाय एकाच्या आट्याचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने युनिफाइड आटे ठरवले, पण कारखाने काही एका रात्रीत बदलले नाहीत. त्या पुढच्या काही वर्षांतल्या एकाच ब्रिटिश गाडीत इंजिनाला जुने आटे आणि बाकी ठिकाणी नवे, असा संसार सर्रास दिसतो. पाना लावूनही अंदाज येतो: ५/१६ बीएसएफच्या नटाची रुंदी साधारण १३.३ मिलिमीटर, यूएनएफची १२.७. पण पितळी नटांत हे पाळलेलं असेलच असं नाही. खात्रीचा उपाय एकच, खिशात दोन्ही जातींचा एकेक चांगला बोल्ट ठेवायचा आणि नट त्यावर बोटांनी फिरवून बघायचा.

दोन्ही बोल्ट खिशात होते.

तरी मी पाना घेतला. अर्धा फेरा. घट्ट बसणं वेगळं, अडकणं वेगळं, आणि ते हाताला कळतं. कळलं होतं. मग पितळ दबलं, हाताला एकदम मऊ लागलं. स्टडला काही झालं नाही, तो पोलादी. आटे गेले ते नटाचे.

आता त्यात काय एवढं? नट माझ्या कामाचा नव्हताच. पण कुणाच्या तरी यूएनएफ स्टडला तो बरोबर बसला असता. उलटा फिरवून काढला, इकडे तिकडे पाहिलं (का पाहिलं?) आणि खणात टाकला. काकांना सांगितलंही नाही. त्यांच्याशी तसंही बरंच काही बोलायचं राहिलंय, ते असो.

गंमत म्हणजे डब्यावर भरवसा ठेवू नका, असं सगळ्यांना मीच ऐकवत असतो. डबा एकाचा, आत माल दुसऱ्याचा. ल्यूकस कंपनीचा डिस्ट्रिब्यूटर (स्पार्क प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) असेल तर डबा बाजूला ठेवा, अंगावर ठोकलेला नंबर वाचा. महिना आणि वर्षही तिथेच असतं. २५डी४ या मॉडेलचे बाहेरून सगळे सारखे, पण आतल्या स्प्रिंगा वेगळ्या, आणि कॅमच्या बुडाशी किती अंश अॅडव्हान्स (ठिणगी किती आधी पडावी) तो आकडा वेगळा. चुकीचा लावला की इंजिन ठोकतं, नाहीतर मेल्यासारखं ओढतं. बेअरिंग मात्र डोळे मिटून घ्यावं, ६२०४ म्हणजे २० बाय ४७ बाय १४ मिलिमीटर (आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी), कुणाचंही असो. फक्त आतलं वाळलेलं ग्रीस धुऊन नवं भरायचं. ब्रेकचे रबरी वायसर जुने घेऊच नयेत, न वापरलेले असले तरी. वाकवलं की बारीक चिरा दिसतात. डिस्ट्रिब्यूटरमधला जुना कंडेन्सरही नको. आतल्या कागदात ओल शिरते, आणि गाडी थंड असताना नीट चालून गरम झाल्यावर दगा देते.

इतकं शहाणपण, आणि नट टाकला खणात.

त्या दुकानाला मी कायम उकिरडा म्हणत आलो. पसारा वयाने होतो असं धरून चाललो होतो. खरं तर तो माझ्यासारख्यांनीच केलाय: लावून पाहिलं, बसलं नाही, हाताशी आला त्या खणात सोडलं. निम्म्या डब्यांतला माल असाच बदलला असणार. म्हणजे इतकी वर्षं मी स्वतःलाच शिव्या देत होतो. हसू आलं जरा.

२४ आट्यांचा ५/१६ टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवला तर तो नट सरळ होईल. अर्धाच फेरा होता, धातू फारसा गेला नसेल. पण आधी सापडायला हवा. ओळख काय, तर तोंडाकडच्या अडीच आट्यांवर नवी चकाकी, आत काळपट.

हे लिहिलं आणि उठून पँटचा खिसा उलटा केला. पाचव्या नटानंतर वैताग आला होता, म्हणून ते दोन चकचकीत नट नवेच दिसताहेत असं म्हणून न लावता घेतले होते. टॉर्च धरला. दोन्हींत पहिले अडीच आटे चकचकीत. पुढे काळं.