तांदळाचे दुसरे पाणी

आखाती देशातील एका रुग्णालयात मी सहा वर्षे परिचारिका होते आणि त्यांपैकी चार वर्षे माझ्या खोलीत फिलिपिन्सची एक सहकारीण राहत होती. चूल एकच असल्यामुळे आमची ओळख भाषेच्या आधी भातावरून झाली. शेतात उभे असते ते पलाय, भरडून आणले की बिगास आणि शिजवले की कानिन, असे तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितले. त्यावर मी धान, तांदूळ आणि भात असे आमचे तीन शब्द मोजून दाखवले, तेव्हा ती खूप हसली. कारण दिवसभर वॉर्डात आम्हा दोघींनाही या तिन्हींसाठी एका ‘राईस’वर भागवावे लागत होते.

आता मी भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावी परत आले आहे आणि महिन्यातून दोनतीनदा तिच्याकडून शिकलेले पदार्थ घरच्यांसाठी करते. फिलिपिन्सचे जेवण म्हणजे काहीतरी अपरिचित असेल, अशी घरच्यांची समजूत होती. प्रत्यक्षात जिन्नस जवळजवळ सगळे आमच्या परसातले निघाले. अडचण आली ती आमच्या सवयींची.

सर्वांत आधी मी तिनोला केला. हा कोंबडीचा पातळ रस्सा असतो. थोड्या तेलात लसूण, कांदा आणि सढळ हाताने घेतलेले आले परतायचे, त्यावर कोंबडीचे तुकडे टाकायचे आणि मग साध्या पाण्याऐवजी तांदूळ धुतलेले पाणी ओतायचे. पहिल्या धुण्यात कोंडा आणि धूळ निघते, म्हणून ते पाणी घ्यायचे नाही; दुसरे दुधट पाणी घ्यायचे, त्यामुळे रश्श्याला किंचित अंग येते. कोंबडी गावरान असेल तर ती शिजायला तासाहून अधिक वेळ लागतो. ती मऊ होत आली की कच्च्या पपईच्या फोडी टाकायच्या आणि गंज, म्हणजे पातेले, उतरवायच्या वेळी शेवग्याचा पाला घालायचा. शेवग्याला आमच्याकडे मुंगना म्हणतात आणि तिच्याकडे मालुंगाय; दोन्ही नावे एकापाठोपाठ म्हटली की एकच शब्द दोनदा उच्चारल्यासारखे वाटते. पातिस नावाचा माशाचा खारट अर्क इथे मिळत नाही, म्हणून मी मीठ घालते आणि आठवडी बाजारातली सुकट भाजून तिची चिमूटभर पूड टाकते. ती चव पातिसची नव्हे, पण मागे समुद्र असल्याची आठवण तेवढी राहते.

त्या पहिल्या दिवशी मी पाणी शोधायला गेले, तर सासूबाईंनी तांदळाचे सगळे धुवण नेहमीप्रमाणे गाईच्या बादलीत ओतलेले होते. पुन्हा दोन मुठी तांदूळ धुवावे लागले. वाटी पुढ्यात आल्यावर त्यांनी रश्श्याकडे पाहिले आणि विचारले, “याले फोडनी कुठी हाय? तिखट नाही, हळद नाही, हे का बिमाराचं जेवन होय का वं?” नंतर त्या स्वतःची वाटी घेऊन चुलीपाशी गेल्या आणि लाल मिरची-जिऱ्याची फोडणी देऊन आल्या. मी चाखून पाहिले. तो तिनोला राहिला नव्हता, मात्र रस्सा उत्तम झाला होता आणि हे मी त्यांना लगेच सांगितले नाही.

आडोबोच्या वेळी चूक माझीच झाली. हे नाव स्पॅनिश आहे, कारण १५६५ ते १८९८ या काळात त्या बेटांवर स्पेनची सत्ता होती. पण मांस आंबट रसात आणि मिठात शिजवण्याची रीत तिथली स्वतःची आणि त्याहून जुनी आहे, सोया सॉस पुढे चिनी व्यापारामुळे त्यात आला. या पदार्थाचा जीव सिरक्यात असतो. तिकडे तो माडाच्या ताडीचा, निपा पामच्या रसाचा किंवा इलोकोस भागात उसाचा असतो. मी मात्र गावच्या दुकानातून नूडल्सवर शिंपडतात ती पांढरी, कृत्रिम व्हिनेगरची बाटली आणली. उकळी येताच घरभर असा वास सुटला, की पतीने मागचे दार उघडले आणि मुलगी नाक धरून अंगणात गेली. नंतर नागपूरहून उसाचा सिरका आणला, तेव्हा कुठे आडोबो जमला. एक किलो कोंबडीला अर्धी वाटी सिरका, त्याहून थोडा कमी सोया सॉस, लसणाचा अख्खा गड्डा, दहाबारा मिरे आणि तेजपत्त्याचे एकच पान, कारण तिकडचे लॉरेलचे पान निराळ्या झाडाचे असते आणि आपल्या पानाला दालचिनीचा वास येतो. सिरका घातल्यावर पहिली उकळी येईपर्यंत चमचा लावायचा नाही. आधी ढवळले तर आंबटपणा कच्चा राहतो, असे तिकडे घरोघरी मानतात. आमच्यासारख्या हात सतत गंजात घालणाऱ्यांना ही पाच मिनिटे फार जड जातात.

सिनिगांग हा चिंचेचा आंबट रस्सा. मामा (माजी मालगुजारी) तलावातला रोहू, मुळा, वांगी आणि कोवळ्या हिरव्या चिंचा यांवर तो छान होतो. एकदा मी विहिरीवर गेले असताना सासूबाईंनी त्यात गुळाचा खडा टाकला, कारण चिंच म्हटली की गूळ आलाच. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी माशाचे गोडसर सार निमूटपणे खाल्ले.

सासरे मात्र पहिल्यापासून या जेवणाच्या बाजूचे आहेत. त्यांच्या लेखी फिलिपिन्स म्हणजे धानाचा देश. तिथल्या लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली दिलेले ‘आय.आर. ८’ हे धानाचे वाण त्यांना तरुणपणापासून नावाने ठाऊक आहे, आणि ज्यांनी ते बियाणे दिले त्यांचा रस्सा खायला हरकत काय, असे ते म्हणतात.

सध्या सुपात धोप्याची, म्हणजे अळूची, पाने वाळत घातली आहेत. बिकोल भागात ही वाळलेली पाने नारळाच्या दुधात मिरचीबरोबर शिजवतात आणि त्या भाजीला लाइंग म्हणतात. नारळ इथे महाग आहे, म्हणून बेत पुढच्या बाजारावर ढकलला आहे. सासूबाई रोज पाने उलटवतात आणि घसा खाजेल म्हणून चिंच घाला, असे रोज बजावतात.