‘तो रकाना मी कोराच ठेवतो’

२०१२ च्या ऑक्टोबरात मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसमध्ये ‘मिनेसोटन्स युनायटेड फॉर ऑल फॅमिलीज’ या मोहिमेच्या फोन बँकेवर, म्हणजे मतदारांना फोन करून त्यांच्याशी बोलण्याच्या केंद्रावर, कामाला होते. संध्याकाळी नवे स्वयंसेवक यायचे. त्यांना तासाभरात तयार करायचं आणि मग हेडसेट लावून आपणही त्यांच्या शेजारी बसायचं, असं काम. मला स्वतःला तिथे मताचा अधिकार नव्हता.

६ नोव्हेंबरला मतदान होतं. लग्न म्हणजे फक्त एक पुरुष आणि एक स्त्री यांचंच, असं राज्याच्या घटनेत लिहायचं का, हा प्रश्न होता. समलिंगी लग्नाला कायद्याने तेव्हाही परवानगी नव्हतीच, पण घटनेत एकदा लिहिलं गेलं की पुढे कायदा बदलण्याची वाटही बंद होणार होती. ‘हो’ म्हणजे बंदी, ‘नाही’ म्हणजे बंदीला नकार. हे उलटं गणित समजावण्यातच कितीतरी वेळ जायचा.

मागे पराभवांची रांग होती. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात ५२ टक्के मतांनी बंदी आली. २००९ मध्ये मेन राज्याच्या विधिमंडळाने दिलेला समलिंगी लग्नाचा हक्क मतदारांनी काढून घेतला. २०१२ च्याच मे महिन्यात नॉर्थ कॅरोलिनात ६१ टक्के लोक बंदीच्या बाजूने गेले. जुन्या प्रचारात हक्क, समानता, भेदभाव यांवर भर असायचा. मग मतदारांशी सविस्तर बोलल्यावर एक गोष्ट लक्षात आली होती. समलिंगी जोडप्यांना लग्न कशाला हवंय, असं विचारलं की लोक म्हणत, हक्क आणि सवलतींसाठी. तुम्ही का केलंत, असं विचारलं की म्हणत, प्रेम होतं, जन्मभराची साथ हवी होती. हे अंतर कायद्याची कलमं सांगून मिटणारं नव्हतं. म्हणून आम्ही प्रत्येक स्वयंसेवकाकडून आधी त्याची स्वतःची गोष्ट घोटून घ्यायचो.

माझी गोष्ट धाकट्या भावाची. तो आणि त्याचा जोडीदार कितीतरी वर्षं एकत्र संसार करत होते. जोडीदाराच्या आईचं शेवटचं आजारपण माझ्या भावानेच काढलं. अंत्यविधीला मात्र घरच्यांनी त्याला मागे, ओळखीच्या मंडळींबरोबर बसवलं.

त्या संध्याकाळी फोन लागला तो राज्याच्या पश्चिम भागातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला. “मी ‘हो’लाच मत देणार आहे, तुमचा वेळ वाया जाईल,” ते सुरुवातीलाच म्हणाले, पण फोन ठेवला नाही. मी भावाची गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली. “वाईट झालं. पण त्याला लग्न म्हणत नाहीत.”

मी विचारलं, “तुमचं लग्न कसं झालं?”

मागे टीव्हीचा आवाज चालू होता, तो बंद झाला. मग ते बोलायला लागले. १९५७ साल. ते लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचे, बायको कॅथलिक. त्या काळी तिथे हे केवढं मोठं प्रकरण होतं, ते मला त्यांच्याकडूनच कळलं. त्यांचे वडील लग्नाला आलेच नाहीत. पाद्र्यांनी वेदीसमोर लग्न लावायला नकार दिला; चर्चशेजारच्या आपल्या राहत्या घरी, बैठकीच्या खोलीत लावलं. मुलांना कॅथलिक म्हणूनच वाढवू, असं आधी लिहून द्यावं लागलं. “आई आली होती,” ते म्हणाले, “पण तिने अंगातला कोट काढला नाही. लग्न लागेपर्यंत तशीच उभी होती.”

इथे गप्प राहणं फार कठीण असतं. नवे स्वयंसेवक नेमके इथेच घाईने म्हणतात, “बघा, आमचंही हेच म्हणणं आहे!” आणि समोरचा माणूस मिटतो. आपल्या आयुष्याचा कुणी दाखला म्हणून वापर केलेला कुणाला आवडेल? मी काहीच बोलले नाही.

“आमच्याबद्दलही लोक म्हणायचे, याला लग्न म्हणत नाहीत,” ते म्हणाले. मग बराच वेळ थांबून, “तुमच्या भावाला पुढे बसवायला हवं होतं.”

पण ‘नाही’ला मत देणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. दर रविवारी ज्यांच्या शेजारी बसायचं, त्यांच्या विरोधात गेल्यासारखं वाटत होतं. “तो रकाना मी कोराच ठेवतो. ना इकडे, ना तिकडे.”

मिनेसोटात घटनादुरुस्ती व्हायची तर मतदानाला आलेल्या एकूण लोकांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी ‘हो’ म्हणावं लागतं. कोरा रकाना म्हणजे हिशेबात ‘नाही’च. आभार मानून फोन ठेवला असता तर आमचा फायदाच होता. पण या माणसाने नुकतंच मला आपल्या आईच्या कोटाबद्दल सांगितलं होतं. मी त्यांना नियम सांगितला.

“म्हणजे कोरं ठेवलं तरी ‘नाही’च?”

“हो.”

“बरं झालं सांगितलंत,” एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी यादीत त्यांच्या नावापुढे ‘अनिश्चित’ अशी खूण केली.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणात मी हा कॉल सांगितला. एक विद्यार्थी भडकला. एकेका मतासाठी आपण घसा कोरडा करतो आणि तुम्ही हाती आलेलं मत सोडून देता? त्याला स्वतःच्या जोडीदाराशी लग्न करायचं होतं; त्याचा राग मला पूर्ण समजत होता. तरी मी त्याला सांगितलं की कोरं ठेवणार म्हणणाऱ्याला नियम सांगायचाच. ज्याच्याकडून आपण मनातलं खरं काढून घेतो, त्याला अर्धवट माहितीवर सोडता येत नाही. त्याला पटलं नाही. पण तो त्या रात्री काम संपेपर्यंत फोन करत राहिला, आणि नियमही सांगत राहिला.

त्या दिवसापासून मी शिकवण्याचा क्रमही बदलला. आपली गोष्ट दोन मिनिटांत आटपायची, मग त्यांच्या लग्नाबद्दल विचारायचं आणि ते थांबेपर्यंत मध्ये तोंड उघडायचं नाही.

निकाल लागला तेव्हा ‘हो’ला ४७.४ टक्के आणि ‘नाही’ला ५१.२ टक्के मतं पडली होती. उरलेले रकाने कोरे होते. ते मोजले नसते तरी दुरुस्ती पडलीच असती. पुढच्या मे महिन्यात विधिमंडळाने समलिंगी लग्नाचा कायदा केला आणि १ ऑगस्ट २०१३ पासून मिनेसोटात ही लग्नं लागू लागली.