दाढेतलं कुत्र्याचं पिल्लू

बुधवार, पहाटेचे तीन

डावीकडची खालची दाढ. संध्याकाळी आईने विचारलं, "ठणकतेय की ठसठसतेय?" मला धड सांगता येईना. तिच्या हिशोबात ठणका एकसारखा लागून राहतो आणि ठसठस नाडीबरोबर येते-जाते. म्हणजे ही ठसठसच. लवंग दाढेखाली धरायला दिली आणि ती झोपायला गेली. मी जागा.

मोबाइल बघून डोळे दुखले, म्हणून स्पॅनिशची वही काढली. परवाच्या पानावर 'लातीर' हे क्रियापद: हृदयाचं धडधडणं, जखमेचं ठसठसणं. त्यावरून 'लातिदो', ठोका. हे मूळ लॅटिन 'ग्लात्तीरे'पासून आलंय, आणि त्याचा अर्थ कुत्र्याच्या पिल्लाचं केकाटणं! स्पॅनिश कोशात 'लातिदो'चा जुना अर्थ अजून दिलेला आहे: शिकार दिसली किंवा अचानक काही दुखलं की कुत्रा तुटक तुटक भुंकतो, ते. वाचलं आणि दाढेकडे लक्ष गेलं. क्यांव, क्यांव, क्यांव. अगदी तसंच.

गंमत म्हणजे ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये 'लातीर' म्हणजे आजही भुंकणंच. ठसठसण्यासाठी त्यांनी त्यावरूनच 'लातेझार' असा वेगळा शब्द केला. त्यामुळे स्पॅनिशवाला 'माझं हृदय लाते' म्हणाला, तर ब्राझीलवाल्याला वाटणार याच्या छातीत कुत्रं भुंकतंय. फ्रेंचमध्ये 'ग्लातीर' गरुडाच्या ओरडण्याला म्हणतात. कॅटलानमध्ये तेच आस लागणं झालंय.

धडधडण्याचा दुसरा लॅटिन शब्द 'पाल्पितारे', डॉक्टरांच्या पाल्पिटेशनमधला. तो 'पाल्पारे'वरून, म्हणजे हलक्या हाताने चाचपणं, थोपटणं. पापणीचा 'पाल्पेब्रा' याच घरातला. सभ्य शब्द आहे, पण रात्री तीन वाजता मला केकाटणाराच जवळचा वाटतो.

आणि दोघेही शेवटी एकाच ठिकाणी पोचले. मेक्सिकोत 'मे लाते' म्हणजे मला आतून वाटतंय, कुणकुण लागलीय. पोर्तुगीजमध्ये 'पाल्पिते' म्हणजे अंदाज. ब्राझीलमध्ये न मागता दिलेला सल्लासुद्धा. (आमच्या मामांना हा शब्द कळवला पाहिजे.) त्यांचं कुत्रं भुंकतं, आपल्या मनात शंकेची पाल चुकचुकते. भूक लागली की पोटात कावळे ओरडतात ते निराळेच. एवढी जनावरं आत पाळायची म्हणजे कुणीतरी ओरडणारच.

लवंग आता चोथा झालीय, तिखटपणा संपला. दातांच्या डॉक्टरांकडे अकराची वेळ मिळालीय. गेल्या वेळी त्यांनी "बघू, वाचवता येते का" म्हटलं होतं. या वेळी दाढ काढायलाच सांगणार. मे लाते.