पावसाचा मेल: एक्सपीवरून विंडोज १० वर

रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक बघायचा, आकडा प्रोग्रॅममध्ये टाकायचा आणि पावणेनऊला गटातल्या सहा जणांना मेल. व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतला माझा प्रोग्रॅम हे काम वर्षानुवर्षं बिनबोभाट करत होता. विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता, आम्ही जागे झालो आत्ता. कोऱ्या डिस्कवर ६४ बिट विंडोज १० टाकलं. प्रोग्रॅम उघडला, आकडाही घेतला. मेल मात्र गेला नाही.

शनिवार. कारण पटकन सापडलं. जुना कोड मॅपीमार्फत (दुसऱ्या प्रोग्रॅमकडून मेल पाठवून घ्यायची विंडोजची सोय) आउटलुक एक्सप्रेस या मेल प्रोग्रॅमला काम सांगायचा, आणि ते विंडोज व्हिस्टापासूनच बंद. पोस्टमनच निवृत्त! मग फक्त मेलसाठी वेगळी व्हीबीस्क्रिप्ट (विंडोज थेट चालवतं असा छोटा प्रोग्रॅम) लिहिली, सीडीओ हा विंडोजमधलाच मेल पाठवणारा घटक वापरून. मेल सर्व्हरचा पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, ५८७ दिला, तर एरर ८००४०२१३, सर्व्हरशी जोडणीच होईना. दोन तास फायरवॉलला शिव्या घातल्या, उगाच. ५८७ वर आधी साधं बोलून मग स्टार्टटीएलएसने कुलूप लावायचं असतं, ते सीडीओला जमत नाही. एसएसएल (सुरुवातीपासूनच कुलूपबंद जोडणी) चालू ठेवून ४६५ दिला, जोडणी झाली. जीमेलला नेहमीचा पासवर्ड चालत नाही, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घेतला. चाचणीचा मेल पोचला.

रविवार. आता खरा आकडा एमडीबी फाइलमधून, म्हणजे प्रोग्रॅमच्या अ‍ॅक्सेस डेटाबेसमधून, वाचायचा. एरर ८००ए०ई७ए: प्रोव्हायडर सापडत नाही. एमडीबी वाचणारा प्रोव्हायडर जेट ४.० फक्त ३२ बिट, आणि डबल क्लिक केलं की स्क्रिप्ट ६४ बिटमध्ये चालते. म्हणून सिसवाऊ६४ फोल्डरमधल्या सीस्क्रिप्टने (स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) चालवली. गंमत बघा, सिस्टिम३२ मध्ये ६४ बिटचा माल आणि सिसवाऊ६४ मध्ये ३२ बिटचा. ही नावं ठेवणाऱ्याला एकदा चहाला बोलवायचंय.

सोमवार. हाताने चालवली की मेल जातो, टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी काम सुरू करणारी विंडोजची सोय) नाही. शेवटी स्क्रिप्टमध्ये एरर एका टेक्स्ट फाइलला लिहायची सोय केली (हे शनिवारीच करायला हवं होतं). तिथे दिसलं: स्क्रिप्ट माझी एमडीबी सिस्टिम३२ मध्ये शोधतेय! शेड्युलरमधला ‘स्टार्ट इन’ चा रकाना मी रिकामा सोडलेला, आणि कोडमध्ये फाइलचं नुसतं नाव. रकान्यात फोल्डरचा पूर्ण पत्ता टाकला. तिथे अवतरण चिन्हं देऊ नका, टास्क अडतो.

मंगळवार. पावणेनऊला मेल आला. आकडा बरोबर, ६४ मिमी, पण विषयात ‘पाऊस’ च्या जागी किडामुंगी. स्क्रिप्ट यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत सेव्ह केली होती, विंडोजचा स्क्रिप्ट होस्ट ती तशी वाचत नाही. नोटपॅडमधून यूटीएफ-१६ एलई या दुसऱ्या पद्धतीत केली, मेलच्या मजकुराचा कॅरॅक्टर सेट मात्र यूटीएफ-८ ठेवला.

बुधवारी विषय नीट उमटला. लगेच गटातल्या काकांचं उत्तर: “तुझ्याकडे ३१? आमच्याकडे ५८. नरसाळ्यात पान अडकलंय का बघ.”

अडकलं होतं.